क्रुसेड्सकडे पाहताना साक्ष कोणाची धरावी?

मूळ धागा – सनावळी

क्रुसेड्सवरची, म्हणजे मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी पूर्वेकडे काढलेल्या धर्मयुद्धांवरची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन ठरावीक वाटांनी जाते. एका मांडणीत युरोपातल्या रानटी सरदारांनी सुसंस्कृत पूर्वेवर लुटीसाठी केलेली स्वारी दिसते, तर दुसरीत चारशे वर्षे इस्लामी आक्रमण सोसलेल्या ख्रिस्ती जगाने उशिरा दिलेले उत्तर दिसते. दोन्हींना काही आधार आहेत, पण गैरसोयीचे साक्षीदार दाराबाहेर ठेवल्याशिवाय दोन्हींपैकी एकही उभी राहत नाही. समतोल साधायचा म्हणून दोष निम्मा-निम्मा वाटून टाकणेही मला पटत नाही. प्रत्येक घटनेची साक्ष कोणी दिली, किती वर्षांनी दिली आणि कोणासाठी दिली, हे विचारले पाहिजे. आणि ज्यांनी ना क्रॉस उचलला होता ना जिहाद पुकारला होता, त्या ज्यू, ग्रीक, आर्मेनियन आणि सीरियन ख्रिस्ती लोकांचेही ऐकले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीपासूनच पाहू. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक ख्रिस्ती साम्राज्याच्या, सम्राटाला कैद केले आणि पुढच्या दोन दशकांत आशिया मायनरचा बराचसा भाग कॉन्स्टँटिनोपलच्या हातून गेला. सम्राट अलेक्सियोस कॉम्नेनोसचे दूत मार्च १०९५ मध्ये पिआचेंझाच्या धर्मसभेत मदत मागायला आले. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने ते प्रसिद्ध भाषण केले. आंतरजालावर या भाषणातली म्हणून जी अवतरणे फिरतात, ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्यापर्यंत आलेले वृत्तान्त जेरुसलेम पडल्यानंतर, म्हणजे विजयाची बातमी ठाऊक असताना लिहिले गेले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. शार्त्रच्या फुल्शरने दिलेल्या भाषणात पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांना मदत करण्याचे आवाहन आहे, पण जेरुसलेम हे लक्ष्य म्हणून येत नाही. रॉबर्ट या भिक्षूच्या वृत्तान्तात मात्र जेरुसलेमच केंद्रस्थानी आहे. पोपच्या स्वतःच्या पत्रांवरून दोन्ही हेतू त्याच्या मनात होते असे दिसते, पण त्याच्या तोंडचे नेमके शब्द आपल्यापाशी नाहीत.

ज्या पूर्वेवर ही फौज चालून गेली, ती एकसंध नव्हती. १०९२ मध्ये वजीर निजाम-उल-मुल्कची हत्या झाली आणि काही आठवड्यांतच सुलतान मलिकशाहही मरण पावला, आणि सेल्जुक घराण्यात वारसाहक्काची भांडणे पेटली. १०९४ मध्ये कैरोचा फातिमी खलिफा आणि बगदादचा अब्बासी खलिफा, दोघेही गेले. सुन्नी सेल्जुक आणि शिया फातिमी यांचे वैर इतके तीव्र होते की, फ्रँक (म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या क्रुसेडरांची) फौज उत्तर सीरियात असतानाच, १०९८ च्या उन्हाळ्यात, फातिमी वजीर अल-अफदलने जेरुसलेम तुर्कांच्या हातून काढून घेतले. म्हणजे जून १०९९ मध्ये क्रुसेडर वेशीपाशी पोहोचले तेव्हा ज्या तुर्की जाचाच्या कथा ऐकून ते निघाले होते, ते तुर्क शहरात उरलेच नव्हते. ही बाब दोन्ही प्रचलित मांडण्यांत गाळली जाते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते.

आता १५ जुलै १०९९. शहर पडल्यावर मोठी कत्तल झाली, याबद्दल लॅटिन, अरबी आणि हिब्रू साधनांत दुमत नाही. मतभेद आकड्यांवर आणि वर्णनांवर आहे. क्रुसेडरांबरोबर आलेला पाद्री रेमंड द आगिले लिहितो की, मंदिराच्या परिसरात रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत आले होते. हे वाक्य बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायाची छाया घेऊन आले आहे. लेखकाला प्रत्यक्षाचे मोजमाप द्यायचे नसून देवाचा न्याय झाला असे सांगायचे आहे. दुसरीकडे अरब इतिहासकार इब्न अल-अथीर अल-अक्सा मशिदीत सत्तर हजारांहून अधिक लोक मारले गेल्याचे सांगतो, पण तो शतकाहून अधिक काळानंतर लिहीत होता. घटनेच्या काही वर्षे आधी जेरुसलेममध्ये राहून शिकलेला अंदलुसी विद्वान इब्न अल-अरबी तीन हजारांचा आकडा देतो. मला हा शेवटचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि तो स्वीकारल्याने अपराध लहान होतो असे मुळीच नाही. तटबंदी कोसळल्यावर नि:शस्त्र माणसे मारली गेली, ही गोष्ट तीन हजारांतही तितकीच भयंकर आहे.

कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या गेनिझा संग्रहात (जुने कागद साठवण्याच्या कोठारात) त्या काळची ज्यू समाजाची पत्रे सापडली आहेत. त्यांतून दिसते की, सर्व ज्यू मारले गेले नव्हते. काही कैद झाले होते आणि अ‍ॅस्कलॉनच्या ज्यू समाजाने वर्गणी जमवून कैद्यांना, तसेच लुटून नेलेल्या धर्मग्रंथांना पैसे मोजून सोडवले. विजयाच्या गाथा आणि पराभवाचे विलाप यांच्यापेक्षा मला ही पत्रे जास्त बोलकी वाटतात, कारण ती कोणाला पटवण्यासाठी लिहिलेली नाहीत. पैसे अपुरे पडत आहेत, आणखी पाठवा, एवढ्यासाठी लिहिलेली आहेत.

---

अक्षरवेल

लेख काळजीपूर्वक लिहिला आहे, परंतु १०७१ पासून सुरुवात करणे ही सुद्धा एक निवडच आहे. जेरुसलेम, अँटिऑक आणि अलेक्झांड्रिया ही सातव्या शतकापूर्वी ख्रिस्ती जगाची प्रमुख केंद्रे होती आणि ती तलवारीच्या बळावर गेली. ७११ मध्ये स्पेन गेले, ८४६ मध्ये रोमच्या वेशीबाहेरील सेंट पीटरचे चर्च लुटले गेले, आणि १००९ मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिमच्या हुकुमावरून जेरुसलेममधील पवित्र समाधीचे चर्च पाडण्यात आले. ही पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय वाचकाला पहिली क्रुसेड ही निष्कारण स्वारी वाटेल. स्वसंरक्षणाचा मुद्दा आपण पुरेसा विचारात घेतलेला नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

---

सनावळी

अक्षरवेल, आपण दिलेल्या घटना खऱ्या आहेत आणि अर्बनच्या मनात त्यांतल्या काही नक्कीच होत्या. १०८५ मध्ये तोलेदो ख्रिस्ती राजाने घेतले होते, १०९१ पर्यंत नॉर्मनांनी सिसिली पूर्ण जिंकली होती, आणि पोप या सगळ्याकडे एकाच मोठ्या पुनर्विजयाचे भाग म्हणून पाहत होता. म्हणूनच त्याने कॅटलोनियातील सरदारांना जेरुसलेमला जाण्याऐवजी तारागोना पुन्हा उभे करण्याकडे लक्ष देण्यास सांगितले. तेव्हा, 'हे केवळ लुटीसाठी होते' असे म्हणणाऱ्यांना आपला मुद्दा बरोबर उत्तर देतो.

मात्र १००९ आणि १०९५ यांच्यामध्ये ८६ वर्षे आहेत आणि ती रिकामी नाहीत. अल-हाकिमच्या वारसदारांनी बायझंटाइन सम्राटांशी करार केले, आणि सम्राटांच्या पैशाने ते चर्च पुन्हा बांधले गेले. १०६४-६५ मध्ये जर्मनीतून हजारो यात्रेकरूंचा मोठा जथा जेरुसलेमला गेला, तेव्हा रामल्याजवळ बेदुईन (भटक्या अरब) टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्यांची सुटका रामल्याच्या फातिमी अधिकाऱ्याने सैन्य आणून केली. या एकाच प्रसंगात यात्रेकरूंना असलेला धोका खरा ठरतो आणि 'मुस्लिम सत्ता यात्रेकरूंचा छळच करत असे' हे सरसकट विधान खोटे ठरते. स्वसंरक्षण हा हेतू होता, असे मी मान्य करतो. पण ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची हत्या त्या हेतूत कशी बसते, हे त्या मांडणीला सांगता येत नाही.

१०९६ च्या मे महिन्यात, मुख्य फौजा निघण्याआधीच, एमिको नावाच्या सरदाराच्या आणि इतरांच्या टोळ्यांनी श्पायर, वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. श्पायरच्या बिशपने बहुतेकांना वाचवले. वर्म्समध्ये बिशपच्या वाड्यात आश्रय घेतलेल्यांनाही मारले गेले, आणि माइन्झमध्ये आर्चबिशपचे संरक्षण कोसळले. अनेक कुटुंबांनी जबरदस्तीचा बाप्तिस्मा टाळण्यासाठी आपल्या मुलाबाळांना स्वतःच्या हातांनी मारले, असे हिब्रू वृत्तान्त सांगतात. ही वर्णने वाचणे कठीण आहे. तरीही ज्याला क्रुसेड्सबद्दल मत द्यायचे आहे त्याने ती वाचावीत, असा माझा आग्रह आहे. त्याच परंपरेतली दुसरी साक्षही तितकीच मोलाची आहे: ११४६ मध्ये रुडॉल्फ नावाचा भिक्षू पुन्हा ज्यूंच्या हत्येची चिथावणी देऊ लागला, तेव्हा दुसऱ्या क्रुसेडचा प्रमुख प्रचारक बर्नार्ड ऑफ क्लेरव्हो याने स्वतः जाऊन त्याला गप्प केले, आणि बॉनच्या एफ्राइम या ज्यू लेखकाने बर्नार्डचे नाव घेऊन त्याबद्दल कृतज्ञता नोंदवली आहे.

---

मोडीवाचक

धार्मिक भावनेची चर्चा झाली, पण अर्थकारण राहिले. थोरल्या मुलाला इस्टेट मिळे आणि धाकट्यांना काहीच नसे, म्हणून हे धाकटे सरदार जमिनीच्या शोधात पूर्वेकडे गेले, असे आम्ही शाळेपासून वाचत आलो. यात तथ्य किती?

---

अक्षरवेल

याचे उत्तर मी देतो. गेल्या काही दशकांत, विशेषतः जोनाथन रायली-स्मिथ यांच्या अभ्यासानंतर, हे स्पष्टीकरण बरेच मागे पडले आहे. त्यांनी मठांच्या दप्तरांतील गहाणखते आणि दानपत्रे तपासली. निघालेल्या सरदाराला काही वर्षांच्या उत्पन्नाइतका खर्च येई आणि तो भागवण्यासाठी कुटुंबे जमिनी विकत किंवा गहाण टाकत. नॉर्मंडीच्या ड्यूक रॉबर्टने तर १०,००० मार्कांसाठी संपूर्ण नॉर्मंडी आपल्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, गहाण ठेवली. जे जिवंत राहिले त्यांतले बहुतेक नवस फेडून घरी परतले. जेरुसलेमच्या नव्या राज्यात सुरुवातीला जेमतेम तीनशे सरदार आणि तितकेच पायदळ उरले होते, असे फुल्शर लिहितो. जमिनीसाठी आलेली माणसे जमीन मिळाल्याबरोबर ती सोडून जात नाहीत.

---

सनावळी

पहिल्या क्रुसेडपुरते हे मला पटते, परंतु इटालियन बंदरांचे काय करायचे? व्हेनिसने ११२४ मध्ये टायर हे बंदर जिंकायला आरमार दिले, ते शहराचा तिसरा हिस्सा आणि व्यापारी सवलती लेखी ठरवून घेतल्यावरच. जिनोव्हा आणि पिसा यांनीही किनाऱ्यावरच्या शहरांत असेच स्वतःचे मोहल्ले मिळवले. तेव्हा १०९६ चा हेतू एक, ११२४ चा दुसरा आणि १२०४ चा तिसरा असे मानावे लागते. दोनशे वर्षांच्या घडामोडीला एकच कारण चिकटवणे हीच मूळ अडचण आहे.

---

पिंपळपार

या चर्चेत इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याचा उल्लेख अजून आला नाही, याचे नवल वाटले. जेरुसलेम दोनदा जिंकले गेले. १०९९ मध्ये कत्तल झाली आणि ११८७ मध्ये झाली नाही, हा फरक समतोलाच्या नावाखाली पुसला जाऊ नये, एवढीच विनंती आहे.

---

सनावळी

तो फरक पुसायचा माझा मुळीच विचार नाही. २ ऑक्टोबर ११८७ रोजी शहर वाटाघाटीने शरण आले आणि पुरुषामागे दहा, स्त्रीमागे पाच आणि मुलामागे दोन दिनार अशी खंडणी देऊन रहिवाशांना बाहेर पडू दिले गेले. सलाहुद्दीनने आणि त्याच्या भावाने कित्येक गरिबांना खंडणीशिवायही सोडले. मात्र ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत असे हजारो लोक गुलाम झाले. शिवाय ही उदारता वाटाघाटीतून आली: शहराचा बचाव करणाऱ्या बेलियनने, अटी मिळाल्या नाहीत तर आम्ही मुस्लिम कैद्यांना मारू आणि पवित्र वास्तू पाडू, अशी धमकी दिली होती. त्याआधी तीन महिने, ४ जुलैला हत्तीनची लढाई जिंकल्यावर, याच सलाहुद्दीनने पकडलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर (भिक्षूंसारखी शपथ घेतलेल्या लढवय्या संघांच्या) योद्ध्यांची मुंडकी उडवण्याचा हुकूम दिला होता. दुसऱ्या बाजूला, ऑगस्ट ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डने अक्रे येथे, खंडणीची वाटाघाट फिसकटल्यावर, सुमारे २,७०० कैदी शहराबाहेर नेऊन मारले. हे सर्व एकत्र ठेवूनही मी म्हणेन की, ११८७ चा सलाहुद्दीन त्याच्या काळाच्या मापाने संयमी होता, आणि ही साक्ष केवळ त्याच्या दरबारी चरित्रकारांची नाही, तर त्याच्या शत्रूंच्या लॅटिन साधनांतही ती आढळते.

एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. ११७४ पासून पुढची जवळजवळ बारा वर्षे सलाहुद्दीन प्रामुख्याने मुस्लिम राज्यकर्त्यांशी लढत होता. दमास्कस, मग ११८३ मध्ये अलेप्पो आणि ११८६ मध्ये मोसुलशी तह झाल्यावरच त्याला फ्रँकांकडे पूर्ण शक्तीने वळता आले.

---

जाईजुई

लढायांच्या मधल्या काळाबद्दल थोडे लिहिते, कारण बहुतेक माणसांचे आयुष्य त्या मधल्या काळातच गेले. शैझरचा सरदार उसामा इब्न मुन्किझ याच्या आठवणी या दृष्टीने अमूल्य आहेत. तो जेरुसलेमला गेला की, अल-अक्सा परिसरात राहणारे टेम्पलर त्याला नमाजासाठी एक लहान मशीद मोकळी करून देत. एकदा नुकत्याच युरोपातून आलेल्या एका फ्रँकाने त्याला धरून पूर्वेकडे वळवले आणि 'अशी प्रार्थना करावी' असे सांगितले. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढले आणि उसामाची माफी मागितली. उसामा या लोकांना मित्र म्हणतो आणि त्याच लिखाणात फ्रँकांचा निषेधही करतो. दोन्ही एकाच माणसाची मते आहेत.

११८४ मध्ये स्पेनहून आलेला यात्रेकरू इब्न जुबैर दमास्कसहून अक्रेला गेला. सैन्ये लढत असताना दोन्ही बाजूंचे व्यापारी तांडे बिनधोक ये-जा करतात, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले. तिबनीनच्या आसपासचे मुस्लिम शेतकरी फ्रँक जमीनदारांना अर्धे पीक आणि ठरलेला डोईपट्टी कर देऊन शांतपणे राहतात, आणि शेजारच्या मुस्लिम जमीनदारांपेक्षा आपले फ्रँक मालक बरे असे त्यांना वाटते, अशी खंतही तो नोंदवतो. पण त्याच प्रवासात बेड्या घातलेले मुस्लिम कैदी पाहून त्याचे काळीज तुटले. केवळ शेतकऱ्यांचा उतारा दाखवून क्रुसेडर राज्यांत सगळे आलबेल होते असे म्हणणारे लोक कैद्यांचा उतारा वगळतात, आणि याच्या उलटही घडते.

---

पिंपळपार

जाईजुई यांच्या प्रतिसादाला एक पुस्ती. राजकीय मैत्रीही धर्माच्या रेषेवर चालत नव्हती. ११४० च्या सुमारास दमास्कसचा मुईनुद्दीन उनूर आणि जेरुसलेमचे राज्य मोसुल-अलेप्पोचा शासक झंगी याच्याविरुद्ध एकत्र होते; ११४८ मध्ये दुसऱ्या क्रुसेडने नेमक्या याच दमास्कसला वेढा घातला, अपयश पदरी घेतले आणि एक उपयुक्त मित्र गमावला. पुढे ऑक्टोबर १२४४ मध्ये ला फोर्बीच्या लढाईत एका बाजूला फ्रँक आणि दमास्कस, होम्स व केरक येथील मुस्लिम राजपुत्र होते, तर दुसऱ्या बाजूला इजिप्तचे सैन्य आणि मध्य आशियातून आलेले ख्वारझमी घोडेस्वार.

---

मांडवीकाठ

गोव्याशी असलेला एक दुवा येथे नोंदवणे योग्य ठरेल, कारण तो ओढूनताणून आणलेला नाही. टेम्पलर संघ १३१२ मध्ये पोपने विसर्जित केल्यावर पोर्तुगालमधील त्याची मालमत्ता १३१९ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'कडे गेली, आणि हिंदी महासागरात आलेल्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर याच संघाचा क्रॉस होता. राजा मॅन्युएलच्या मनात जेरुसलेम मुक्त करण्याची आकांक्षा होती. अल्बुकर्कने तांबड्या समुद्राची मोहीम आखली तेव्हा मक्केवर दबाव आणण्याच्या योजनाही त्याच्या डोक्यात होत्या. २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने आदिलशाहीकडून गोवे दुसऱ्यांदा घेतले आणि शहरातील मुस्लिमांची कत्तल केली. राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने ती अभिमानाने सांगितली आहे. तरीही त्याला गोव्यावर चालून यायला सुचवणारा आणि साथ देणारा तिमय्या हा हिंदू होता, आणि त्याची कारणे स्थानिक राजकारणातली होती. म्हणून या घटनेला शेवटची क्रुसेड म्हणणेही अपुरे आहे आणि त्यात क्रुसेडची प्रेरणा नव्हतीच असे म्हणणेही चुकीचे आहे.

---

मोडीवाचक

१२०४ बद्दल कोणी सविस्तर लिहील का? ख्रिस्ती फौजेने ख्रिस्ती राजधानीच लुटली, हे कसे घडले?

---

सनावळी

हिशोबाच्या तुटीतून घडले, असे थोडक्यात म्हणता येईल. चौथ्या क्रुसेडच्या नेत्यांनी १२०१ मध्ये ३३,५०० माणसे नेण्यासाठी व्हेनिसशी ८५,००० मार्कांचा करार केला. प्रत्यक्षात त्यांतली तिसरा हिस्सा माणसे जमली आणि कर्ज फिटेना. मग व्हेनिसच्या सोयीसाठी नोव्हेंबर १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहर घेतले गेले. पोप तिसरा इनोसंट याने हे आधीच निषिद्ध ठरवले होते आणि नंतर धर्मबहिष्काराची शिक्षाही दिली. त्यानंतर पदच्युत बायझंटाइन सम्राटाचा मुलगा अलेक्सियोस पुढे आला. मला गादीवर बसवा, मी २,००,००० मार्क देतो, असे त्याने वचन दिले. तो गादीवर बसला, पण पैसे पुरे देऊ शकला नाही आणि अखेर त्याचा खून झाला. १२-१३ एप्रिल १२०४ ला कॉन्स्टँटिनोपल पडले आणि तीन दिवस लुटले गेले.

ग्रीक इतिहासकार निकेतास खोनियातेस तेव्हा शहरात होता. या क्रॉसधारी लोकांपेक्षा सारासेन (मुस्लिम) अधिक दयाळू ठरले असते, असे तो लिहितो. त्याच्या संतापाला पूर्ण आधार आहे. पण ११८२ मध्ये याच शहरात ग्रीक जमावाने लॅटिन (पश्चिम युरोपीय) रहिवाशांची कत्तल केली होती आणि वाचलेल्या हजारोंना गुलाम म्हणून विकले होते, हेही निकेतासच्या पिढीने पाहिले होते. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अथेन्समध्ये १२०४ च्या लुटीबद्दल खेद व्यक्त केला. जवळपास आठशे वर्षांनंतरही ग्रीक चर्चला ते ऐकायचे होते, इतकी ती जखम खोल होती.

---

अक्षरवेल

माझा मूळ आक्षेप अंशतः कायम आहे, पण १२२९ ची नोंद केल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. सम्राट दुसरा फ्रेडरिक पोपच्या बहिष्काराखाली असतानाच पूर्वेला गेला आणि सुलतान अल-कामिलशी लढाई न करता फेब्रुवारी १२२९ मध्ये तह केला. जेरुसलेम ख्रिश्चनांना मिळाले, हरम शरीफचा (अल-अक्सा मशिदीचा) परिसर मुस्लिमांकडे राहिला आणि शांततेची मुदत दहा वर्षांहून थोडी जास्त ठरली. दमास्कसमध्ये सिब्त इब्न अल-जौझी याने मशिदीत शोकसभेसारखे प्रवचन दिले आणि लोक रडले. जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्कने (तिथल्या प्रमुख धर्मगुरूने) सम्राट आला म्हणून त्या पवित्र शहरातच धर्मविधी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. तह केला म्हणून दोघांनाही आपापल्या लोकांनी द्रोही ठरवले, तरी मुदत संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी तो मोठ्या अंशी पाळला. १२४४ मध्ये ख्वारझमींनी शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या तहाची मुदत संपून पाच वर्षे होत आली होती.